बाटलीतली मुशी

उंची बोटभर. अंगावर काचेचा झगा, डोक्यावर पिळून बसवलेलं झाकण, गळ्यात परदेशी चिठ्ठी. पोटात मूठभरही नाही एवढी फिकट भुकटी. बघणाऱ्याला ती बेसन वाटते, पण झाकण उघडलं की भ्रम फिटतो, कारण वास थेट सुकटीचा येतो. आमच्या प्रयोगशाळेत फ्रिजच्या कुलूपबंद कप्प्यात तिचा मुक्काम असतो. तिला बाहेर काढायचं तर वहीत सही करायची: कोणी काढली, किती ग्रॅम घेतली, किती उरली. घरच्या दागिन्यांचा एवढा हिशेब मी ठेवत नाही.

कागदोपत्री नाव ‘प्रमाणित संदर्भद्रव्य’. एवढं लांब नाव घेऊन हाक कोण मारणार? सगळे सीआरएम म्हणतात. मी मनातल्या मनात मुशी म्हणते, कारण मुळात ती मुशीच आहे. कोळी ज्या छोट्या शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात, तिचीच परदेशातली चुलत बहीण. काही ग्रॅमच्या या मुशीला हजारो रुपये पडतात आणि ती विमानाने येते. तिचं काम एकच: माशातला पारा मोजणाऱ्यांची मोजणी मोजणं.

मी लोहखनिजाच्या सूरजागड डोंगराच्या पायथ्याच्या मुलखातली. आमच्याकडे समुद्र फक्त पोत्यात येतो. दिवाळीला घरी जाते तेव्हा चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली करत बस एटापल्लीला पोचते. वाटेत लोहखनिजाचे ट्रक समोरून येत राहतात. सागाची पानंही लाल, रस्त्याकडेच्या टपऱ्यांचे पत्रेही लाल. आठवडी बाजारात मोहफुलं, मिरची, तंबाखू, बांबूच्या टोपल्या, आणि एका कोपऱ्यात नाकानेच सापडणारी सुकी मासळी. सुकट, बोंबील, सोडे. नदीची मासळी आमच्याकडे आहेच. इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम या नद्या भामरागडला एकत्र येतात. पण पावसाळ्यात वाटा तुटल्या की डब्यातली सुकटच कामाला येते.

गेल्या खेपेला मी विकणाऱ्या बाईंना विचारलं, “मावशी, कुठला माल?”

“समिंदराचा.”

“कोणत्या समिंदराचा?”

“आता समिंदर का दोन हायेत, पोरी?”

मी हसले. खरं तर दोन आहेत, आणि सूरजागडहून मुंबईचा समुद्र लांब नि आंध्राचा जवळ आहे. पण मावशींच्या दृष्टीने जंगलापलीकडे एकच खारं पाणी. त्यांनी पावशेर सुकट तोलली, काटा बरोबर आल्यावरही वर एक चिमूट टाकली. ती चिमूट बघताना मला फ्रिजमधली मुशी आठवली. तिथे चिमूट अशी कोणी टाकत नाही. तिथे ०.२५०० ग्रॅमला सही लागते.

मावशींच्या तराजूतली वजनं खरी आहेत का, हे वैधमापन खातं तपासतं आणि त्यांवर शिक्का मारतं. म्हणजे वजनालाही कोणीतरी तोललेलं असतं, म्हणून आपण काट्यावर विश्वास ठेवतो. माशातला पारा तोलायला मात्र पितळी वजन चालत नाही. त्यासाठी ज्यातला पारा आधीच पक्का ठाऊक आहे, असा मासाच लागतो. बाटलीतली मुशी म्हणजे हे शिक्क्याचं वजन.

तिची जन्मकथा सांगते. तिचं माहेर ओटावा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने समुद्री रसायनशास्त्राच्या लोकांसाठी अशी एक भावंडांची माळच जन्माला घातली. मुशीच्या मांसाची ती डॉर्म, यकृताची ती डोल्ट. इंग्रजीत ‘डोल्ट’चा अर्थ मठ्ठ असा होतो. इतक्या जाणकार बाईला हे नाव ठेवणारा कोणीतरी मिस्कील असावा. पुढच्या पिढीत मुशीच्या मांसाऐवजी माशांच्या प्रथिनाची भुकटी आली, पण घराण्याचं नाव डॉर्मच राहिलं.

मुशीच का निवडली, हेही ऐकण्यासारखं आहे. या काटेरी मुशीची मादी जवळजवळ दोन वर्षं पोटुशी असते आणि पुढे कित्येक दशकं जगते. सावकाश वाढणारी, दीर्घायुषी, आणि दुसऱ्यांना खाऊन जगणारी. असा जीव पाण्यातला पारा वर्षानुवर्षं अंगात साठवत जातो. सुकटीचा जवळा काही महिन्यांचा पाहुणा असतो, त्याच्याकडे साठवायला वेळच नसतो. म्हणून सुकट खाणाऱ्याने पाऱ्याला भिण्याचं फारसं कारण नाही. धास्ती आहे ती मोठ्या, म्हाताऱ्या, शिकारी माशांची.

मुशीचं मांस वाळवतात, दळतात, चाळतात आणि मग घुसळत राहतात. पुरण घोटताना गुळाचा खडा राहिला तर एका पोळीत गोडवा जास्त नि दुसरीत कमी होतो. तशी चूक इथे चालत नाही. पहिल्या बाटलीतली चिमूट आणि शेवटच्या बाटलीतली चिमूट यांच्यात फरक सापडता कामा नये. बाटल्या भरल्यावर गॅमा किरणांनी त्यांच्यातले जंतू मारतात. मग अधूनमधून काही बाटल्या उघडून तपासतात. शेवटी एकमेकींशी नातं नसलेल्या दोन-तीन पद्धतींनी पारा मोजतात, म्हणजे एका पद्धतीची खोड दुसरीत उतरत नाही. एवढं सगळं जुळलं तरच प्रमाणपत्र मिळतं.

डॉर्म-२ च्या प्रमाणपत्रावर पारा किलोला ४.६४ मिलिग्रॅम, अधिक-उणे ०.२६. त्यातला मिथाइल पारा ४.४७, अधिक-उणे ०.३२. म्हणजे मांसातला जवळजवळ सगळा पारा मिथाइल रूपातला, शरीराला अधिक घातक असलेल्या रूपातला. यकृताच्या डोल्ट-४ मध्ये एकूण पारा २.५८ आणि मिथाइल १.३३, जेमतेम निम्मा. एकाच जातीच्या माशाचं मांस एक सांगतं, यकृत दुसरं सांगतं. माशातला पारा मोजला एवढं म्हणून भागत नाही. कुठला भाग, कुठलं रूप, हेही सांगावं लागतं.

मला तिच्या स्वभावातलं सर्वांत आवडतं ते हे अधिक-उणे. आपण कितपत चुकू शकतो हे ती गळ्यात बांधूनच घराबाहेर पडते. असं करणारी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत.

तिच्या पोटातल्या पाऱ्याचा स्वभाव बरोबर उलटा. तो कुठे थांबत नाही, कुणाचा होत नाही. निसटणाऱ्या माणसाला आपण पाऱ्यासारखा म्हणतो, रागावलेल्याचा पारा चढला म्हणतो. धातू असून पातळ, पातळ असून पाण्याच्या साडेतेरापट जड, आणि एवढा जड असून हवेत उडून जाणारा. पाण्यात गेला की तळच्या गाळातले जंतू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात, शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात असा पायरी-पायरीने दाट होत चढतो. जपानच्या मिनामाता गावात हा जिना माणसापर्यंत पोचला. आधी मासे खाणारी मांजरं वेडीवाकडी नाचत मेली, मग माणसं आणि लेकरं पडली. १ मे १९५६ ही त्या रोगाच्या अधिकृत नोंदीची तारीख. कारखाना चिसो कंपनीचा होता. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला पुढे त्या गावाचंच नाव दिलं गेलं. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू आहे आणि भारतानेही त्यावर मान्यतेची मोहर उठवली आहे.

आता मोजायचं किती, ते सूरजागडच्या मापाने सांगते. आपल्याकडच्या नियमात साध्या माशाला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा आहे, शिकारी माशांना एक मिलिग्रॅम. समजा खनिजाचा वीस टनांचा ट्रक खनिजाऐवजी माशांनी भरला आणि सगळे मासे बरोबर अर्ध्या मिलिग्रॅमच्या काठावर आहेत. त्या अख्ख्या ट्रकात पारा निघेल दहा ग्रॅम. तो इतका जड की चहाच्या चमच्याचा सहावा भागही भरणार नाही. आणि प्रयोगशाळेत आम्ही ट्रक नाही घेत, अर्धा ग्रॅम मासा घेतो. त्यात पारा पाव मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा चाळीस लाखावा भाग. एवढ्याशावर माल बंदरातून जाणार की परत येणार हे ठरतं.

रीत ऐकायला सोपी आहे. मासा आम्लात घालून बंद भांड्यात, मायक्रोवेव्हच्या तापात विरघळवायचा. याला आम्ही डायजेशन म्हणतो, पचन. मग त्यात स्टॅनस क्लोराईड टाकलं की पारा सुटा होऊन वाफेसारखा वर येतो. त्या वाफेतून २५३.७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडायचा. पारा जितका जास्त, तितका प्रकाश कमी पोचतो. नव्या यंत्रात तर आम्लही लागत नाही. मासा जाळायचा आणि निघालेला पारा सोन्याने पकडायचा. सोनं दिसलं की पारा त्याला चिकटलाच. मुलामा चढवणाऱ्या जुन्या कारागिरांना हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

सोपी रीत आणि शंभर फटी. भांडं उघडं राहिलं तर पारा उडाला, आकडा कमी. प्लास्टिकच्या बाटलीत द्रावण रात्रभर ठेवलं तर पारा भिंतीला चिकटला, आकडा कमी. पूर्वी कधीतरी टेबलाच्या फटीत तापमापी फुटून पारा सांडला असेल, तर आकडा जास्त. आधीचा नमुना जड होता आणि नळी धुतली गेली नाही, तरी आकडा जास्त. सर्वांत साधी चूक पाण्याची. ताज्या माशात पाचपैकी चार हिस्से पाणी धरलं, तर ताज्यातला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम पारा पूर्ण सुकल्यावर १.० दिसतो. पारा वाढलेला नाही, फक्त मासा हलका झाला आहे. ओल्या माशाचा कायदा सुक्याला लावला की निरपराध बोंबील गुन्हेगार ठरतो, आणि उलटं केलं की गुन्हेगार सुटतो.

असे घोटाळे फक्त नवशिक्यांच्या हातून होतात असं नाही. १९८० साली क्लेअर पॅटरसन आणि डोरोथी सेटल यांनी ट्यूनातलं शिसं मोजलं. अमेरिकी सरकारी मत्स्य प्रयोगशाळेचा आकडा ग्रॅममागे चारशे नॅनोग्रॅमच्या आसपास होता. या दोघांना ताज्या मांसात ०.३ सापडलं. हजारपटीहून जास्त फरक. मोठा आकडा माशातल्या शिशाचा नव्हताच. तो प्रयोगशाळेच्या धुळीतल्या, भांड्यांतल्या, रसायनांतल्या शिशाचा होता. लोक मासा मोजत आहोत असं समजून आपलीच खोली मोजत होते. तिथे खात्रीची एक बाटली शेजारी असती, तर पहिल्याच दिवशी तिने मान हलवली असती.

बाटलीचा दुसरा अवतार मला जास्त भावतो. तो वेषांतराचा. आतापर्यंत सांगितली ती नाव लावून फिरणारी मुशी. नमुन्यांच्या रांगेत ती उघडपणे बसते आणि तिचा आकडा बरोबर आला तरच आम्ही बाकीच्यांवर विश्वास ठेवतो. पण वर्षातून एकदा-दोनदा एक बेनाम बाटली येते. चिठ्ठीवर नुसता क्रमांक. “पीटी आलंय,” अशी हाक प्रयोगशाळेत फिरते. पीटी म्हणजे प्रवीणता चाचणी. पाठवणाऱ्याला आतलं उत्तर ठाऊक, आम्हाला नाही. तीच भुकटी त्याच दिवसांत देशोदेशींच्या प्रयोगशाळांत गेलेली असते. सगळ्यांनी आपापला आकडा पाठवायचा. युरोपीय संघाच्या मोजणी संस्थेने २०१० च्या सुमारास समुद्री खाद्यातल्या धातूंवर अशी एक चाचणी घेतली. तिच्यात आपली डोल्ट-४ च नाव पुसून पाठवली होती. राजाने रात्री घोंगडं पांघरून राज्यात हिंडावं, तशी.

पीटी आली की प्रयोगशाळेचं काय होतं, ते जुन्या शाळेत शिकलेल्यांना सांगायला नको. दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार म्हणून भिंतीला चुना, पोरांना आंघोळ, फळ्यावर सुविचार. इथेही तसंच. सर्वांत हुशार माणसाला काम दिलं जातं, नळ्या दोनदा धुतल्या जातात, जे एकदा मोजायचं ते पाचदा मोजलं जातं. मोह आणखी एक असतो: दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या मित्राला हळूच फोन करायचा, “तुझं किती आलं रे?” या संगनमताला नियमांत स्पष्ट बंदी आहे, आणि काही संस्था एकाच फेरीत थोड्या वेगळ्या पाऱ्याच्या बाटल्या मिसळून पाठवतात. नक्कल करणारा आपोआप सापडतो. एक गोष्ट मी नव्यांना नेहमी सांगते. पीटीला जेवढं जपता तेवढं रोजच्या नमुन्याला जपत नसाल, तर पास झालेलं प्रमाणपत्र आपल्याबद्दल खोटं बोलतं.

निकाल लागतो तो झेड-स्कोअरच्या रूपात. हिशेब शाळकरी आहे. आपला आकडा वजा खरा आकडा, भागिले ठरलेली मोकळीक. उत्तर दोनच्या आत तर समाधानकारक, दोन ते तीन म्हणजे शंकास्पद, तीन नि पुढे म्हणजे नापास. मोकळीक किती द्यायची हे अनेकदा विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या नियमाने ठरतं. हजारो निकाल तपासून १९८० साली त्यांनी दाखवलं की मोजायची वस्तू जितकी थोडी, तितके निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे पांगतात. आलेख काढला तर तो तुतारीसारखा उघडत जातो. म्हणून त्याला हॉर्विट्झची तुतारीच म्हणतात. किलोला अर्ध्या मिलिग्रॅमवर ही पांगापांग सुमारे अठरा टक्क्यांची. म्हणजे खरा आकडा ०.५० असेल, तर मोकळीक ०.०९. कोणी ०.४६ सांगितलं तर पास. ०.३० सांगितलं तर झेड उणे दोनच्या पलीकडे, भुवया उंचावल्या. ०.८० सांगितलं तर तीनच्या पुढे, नापास.

मी ०.८० सांगणाऱ्यांतली एक होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. निकाल आला तेव्हा आधी बाटलीवर राग काढला, मग पाठवणाऱ्यावर, मग यंत्रावर. तीन दिवसांनी वही उघडली. पीटीच्या आदल्या दिवशी त्याच नळीतून एका मोठ्या कुप्याचा, म्हणजे ट्यूनाचा, नमुना गेला होता. त्याचा पारा नळीत दबा धरून बसला आणि दुसऱ्या दिवशी बेनाम बाटलीच्या नावावर बाहेर आला. मधे कोरा नमुना, आमच्या भाषेत ब्लँक, लावायला मी विसरले होते. रूट कॉज, करेक्टिव्ह अॅक्शन असे दोन फॉर्म भरले. बाटलीने मला चारचौघांत काही म्हटलं नाही. नुसता झेड पाठवला. त्यानंतर एकही ब्लँक चुकलेला नाही.

या बाटलीची गरज आपल्या किनाऱ्याला फार आधी जाणवली असावी असं मला वाटतं. १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली, आज ती गोव्यात दोना पावलला आहे. १९७९ मध्ये तिथल्या कुरेशी, जॉर्ज आणि सेनगुप्ता यांनी हिंदी महासागरातल्या माशांमधल्या पाऱ्यावर लेख लिहिला. १९८१ मध्ये झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर. पुढे १९९० मध्ये कृष्णकुमार आणि पिल्लई यांचा लेख आला, कारवारच्या कॉस्टिक सोडा कारखान्याजवळच्या पाऱ्यावर. हा शेवटचा लेख वाचताना मी थबकले. कारवारजवळ बिणग्याला ज्या कंपनीचा रसायन विभाग होता, तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज. बल्लारपूर म्हणजे आमचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं, बांबूच्या कागदाचं बल्लारपूर. कागदाचा लगदा करायला कॉस्टिक सोडा लागतो, सोड्याला मीठ लागतं, मीठ समुद्राकाठी. आणि जुन्या पद्धतीत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना खाली पाऱ्याचा थर वाहता ठेवायचे. आता ती पद्धत देशात मागे पडून पडद्याची पद्धत आली आहे. पण आमच्या जंगलाचं नाव घेतलेल्या पाटीशेजारी कधीकाळी समुद्रातला पारा मोजला गेला, हे कळल्यावर समुद्र मला तितका परका वाटेनासा झाला.

पारा फक्त किनाऱ्याचा प्रश्न नाही, हेही चंद्रपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. कोळशात पारा अगदी थोडा असतो. कोळसा जळला की वाफ होऊन धुराड्यातून निघतो आणि पावसाबरोबर कुठल्या तरी तळ्यात, नदीत उतरतो. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे.

आता सूरजागडच्या लोखंडाकडे येते, कारण माझी पाऱ्याशी खरी ओळख लोखंडाने करून दिली. चंद्रपूरला बी.एस्सी. करताना आम्हाला खनिजातलं लोखंड मोजायचा प्रयोग होता. आम्लात खनिज विरघळवायचं, स्टॅनस क्लोराईडने लोखंडाचं रूप बदलायचं, आणि उरलेलं स्टॅनस क्लोराईड संपवायला वरून मर्क्युरिक क्लोराईड टाकायचं. पांढरा रेशमी गाळ पडला की प्रयोग जमला. मग डायक्रोमेटचं टायट्रेशन. कित्येक वर्षं जगभर लोहखनिज असंच मोजलं गेलं. मर्क्युरिक क्लोराईड म्हणजे पाऱ्याचं विषारी मीठ. आमच्या बॅचने ते धुऊन सिंकमध्ये सोडलं. पुढे पाऱ्याचं नाव नको म्हणून टायटॅनियम क्लोराईडची रीत आली. पण नियतीची थट्टा बघा: लोखंड मोजताना पाऱ्याला ज्या स्टॅनस क्लोराईडशी भिडवायचे, तेच आज मी माशातून पारा सोडवायला वापरते.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. माडिया माणूस डोंगराचं मोल तिथे डोकं टेकवून करतो. बाजार तेच मोल टक्क्यांत करतो. खनिजात लोखंड बासष्ट टक्के की एकसष्ट, यावर भाव ठरतो. म्हणून मोठ्या सौद्यात विकणारा आपला आकडा काढतो, घेणारा आपला, आणि दोघांत ठरल्यापेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्या प्रयोगशाळेकडे जायचं. तिला अंपायर लॅब म्हणतात. गावकीत दोन भावांच्या बांधावर पंच बसवायचे, तसंच. पंच खरा असावा म्हणून त्याच्याकडेही प्रमाणित खनिजाची बाटली असते, तांबडी, जड, माझ्या मुशीची लांबची जाऊ.

निर्यातीच्या माशालाही पंच आहे. १९९७ साली स्वच्छतेच्या कारणावरून युरोपने भारतीय मासळी अडवली. त्या धक्क्यातून आपल्या तपासण्या कडक होत गेल्या. एनएबीएल ही संस्था प्रयोगशाळांना मान्यता देताना पीटीचे निकाल मागते. कोचीत समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण आहे, निर्यात तपासणी परिषदेच्या प्रयोगशाळा आहेत. बंदरावरून निघणाऱ्या सुरमईमागे, माकुळामागे बाटल्यांची रांग उभी असते. दोन्हीकडे गोष्ट एकच: समोर घासाघीस करणारं गिऱ्हाईक असलं की वजनाला शिक्का मिळतो.

एटापल्लीच्या पोत्याला चिठ्ठी नव्हती. ती सुकट बहुधा निर्धोकच. मी ती घरी नेली आणि आईने लाल मिरचीत परतली, सगळ्यांनी भाकरीबरोबर खाल्ली. पण ‘बहुधा’ हा शब्द माझ्या धंद्यात उत्तर धरत नाहीत. खाणारा भावासाठी घासाघीस करतो, पाऱ्यासाठी करत नाही. म्हणून पंचाची बाटली गिऱ्हाईकाच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या मागे जात नाही. मुशीच्या स्वभावात हा भेद नाही. तिच्यासमोर सुरमई आणि सुकट सारखी, मुंबई आणि एटापल्ली सारखी. भेद आपण केला आहे, तो मोडायला तिच्याएवढं अधिक-उणे मान्य करणारं मन लागेल.

तोवर वाचकाला एवढंच सांगते. माशाचा असो, विहिरीच्या पाण्याचा असो की लेकराच्या रक्ताचा, प्रयोगशाळेचा कागद हातात आला तर आकडा वाचायच्या आधी दोन प्रश्न विचारा. या आकड्याला अधिक-उणे किती? आणि या तपासणीच्या मागच्या पीटीत तुमचा झेड किती आला होता? विचारायला पैसे पडत नाहीत, आणि चांगली प्रयोगशाळा या प्रश्नांवर रागावत नाही.